हिऱ्याची साल आणि नांगराचा फाळ

गेल्या वर्षीं दिवाळीनंतर भरलेल्या एका कृषिप्रदर्शनांत मीं कडबाकुट्टीच्या पात्यांची एक जोडी विकत घेतली. पातीं काळीं कुळकुळीत, बोट फिरविलें असतां तेल लावल्यासारखीं गुळगुळीत, आणि वेष्टनावर "हिऱ्याइतक्या कठीण कार्बनाचा मुलामा" अशा अर्थाचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापलेला. साध्या पात्यांच्या अडीचपट किंमत मोजून तीं घरीं आणलीं, व यंदा धार लावण्याची कटकट मिटली अशा समाधानांत कांहीं दिवस गेले. तीन आठवड्यांत काळा रंग धारेपासून बोटभर मागें सरला. महिनाअखेर कडबा कापला जाण्याऐवजीं चेंगरला जाऊं लागला, आणि गुरांनीं गव्हाणींत लांब लांब धाटें टाकून देण्यास सुरुवात केली. पुढें माझा एक भाचा, जो एका यंत्रशाळेंत हत्यारांच्या विभागांत काम करतो, सुटीवर आला असतां त्यानें तें पातें उलटसुलट करून पाहिलें, खिशांतील किल्लीनें एक ओरखडा काढला आणि रंगाचा पापुद्रा नखानें सोलून मला दाखविला. "मामा, हा मुलामा नव्हे; हा भट्टींत भाजलेला रंग आहे. आणि खरा मुलामा असता तरी तुमच्या पात्याचें लोखंड इतकें मऊ आहे कीं, त्याचा कांहीं उपयोग झाला नसता."

विक्रेत्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. माझा राग त्याच्यावर जितका आहे त्याहून अधिक माझ्या स्वतःच्या उतावळेपणावर आहे. परंतु भाच्याच्या बोलण्यांतील दुसरें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें. रंग खोटा होता, ही झाली फसवणूक. पण खरी वस्तु मिळाली असती तरीहि ती निरुपयोगी ठरली असती, हें कां? या प्रश्नाचा मीं गेले कांहीं महिने जमेल तसा पाठपुरावा केला, त्याच्याकडून पुस्तकें मागविलीं, आणि त्यावरून माझें जें मत बनलें तें या मासिकाच्या वाचकांपुढें मांडतों. तें चुकीचें वाटल्यास जाणत्यांनीं अवश्य खोडून काढावें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. कोळसा, शिसपेन्सिलींतील ग्राफाइट आणि हिरा हीं एकाच मूलद्रव्याचीं रूपें होत, हें शाळेंत आपण सर्वांनीं वाचलेलें असतें. ग्राफाइटांत कार्बनाचे अणु पत्त्यांच्या जुडीप्रमाणें थरांवर थर रचलेले असतात व ते थर एकमेकांवरून सहज घसरतात; हिऱ्यांत प्रत्येक अणु आपल्या चार शेजाऱ्यांशीं चोहोंकडून जखडलेला असतो, म्हणून त्याचें काठिण्य अलौकिक. ज्या मुलाम्याविषयीं आपणांस बोलावयाचें आहे, त्यांत या दोन्ही जातींची बांधणी एकमेकींत मिसळलेली असते, व तिला स्फटिकाची शिस्त नसते. म्हणून त्याला "डायमंड-लाइक कार्बन", म्हणजे हिऱ्यासारखा कार्बन, असें नांव पडलें; कारखान्यांतील लोक नुसतें "डीएलसी" म्हणतात. हिरा नव्हे, हिऱ्यासारखा. जाहिरातींत हा भेद हटकून गळतो.

श्मेलनमायर या जर्मन संशोधकानें १९५३ सालीं ॲसिटिलीन वायूंत विजेचा प्रवाह खेळवून असा कठीण थर मिळविल्याचें नमूद केलें होतें. १९७१ सालीं अमेरिकेंत आयझेनबर्ग व शाबो यांनीं कार्बनाचे विद्युद्भारित कण वेगानें आदळवून तो मुद्दाम तयार करून दाखविला, आणि हिऱ्यासारखा हें विशेषण तेव्हांपासून रूढ झालें. आज रीत साधारण अशी आहे: हत्यार अत्यंत स्वच्छ धुऊन एका पोलादी कोठींत टांगतात, कोठींतील हवा जवळजवळ सर्व उपसून घेतात, मग कार्बनयुक्त वायु आंत सोडून तो विजेच्या जोरानें फोडतात, किंवा शुद्ध ग्राफाइटच्या ठोकळ्यावर विजेची ठिणगी धरून त्याची वाफ करतात. हे कण हत्याराच्या पृष्ठावर आदळून बसतात. हें सर्व दोनशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास, कित्येकदां त्याहूनहि खालीं, उरकतां येतें, व हीच या रीतीची मोठी खुबी होय. कारण पोलादाला दिलेलें पाणी तेवढ्या उष्णतेनें उतरत नाहीं. खऱ्या हिऱ्याचा पातळ थर चढविण्याचीहि विद्या आहे, परंतु तिला सातशें ते नऊशें अंशांची उष्णता लागते. ती पोलाद सोसत नाहीं, म्हणून तो थर टंगस्टन कार्बाइडच्या हत्यारांवर चढवितात.

आतां काठिण्याचे आंकडे पाहा. व्हिकर्स नांवाच्या मापानें साधी लोखंडी पट्टी दीडशेंच्या आंत-बाहेर भरते. चांगलें पाणी दिलेलें हत्यारी पोलाद सातशें ते साडेआठशें. आपल्या शेतांतील वाळू व गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सुमारें अकराशें. फाळ, पास व खुरपें कां झिजतें याचें अर्धें उत्तर या तीन आंकड्यांतच आहे: माती आपल्या प्रत्येक पोलादापेक्षां कठीण कण पदरांत बाळगून असते. हिऱ्यासारख्या कार्बनाचा सामान्य मुलामा पंधराशें ते तीन हजार, आणि हायड्रोजनविरहित उत्तम जातीचा पांच हजारांच्याहि पुढें जातो. शिवाय तो गुळगुळीत असल्यामुळें घर्षण कमी. एवढें वाचल्यावर कोणत्याहि शेतकऱ्याला मोह पडेल. मलाहि पडलाच होता.

परंतु त्याची जाडी किती? एक ते पांच मायक्रॉन, बहुधा दोन-तीनच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. याहून फार जाड थर चढवूं गेल्यास तो आंतल्या ताणानें आपोआप तडकून निघतो, म्हणून तो पातळ ठेवणें भागच आहे. ज्या नांगराचा फाळ एका हंगामांत बोटभर आंखूड होतो, त्यावर केसाच्या तिसाव्या भागाएवढी साल चढविणें म्हणजे काय, हें वाचकांनींच ठरवावें.

येथें कोणी असें विचारील कीं, साल पातळ असली तरी वाळूहून कठीण आहे ना? मग वाळू तिला झिजवील कशी? शंका रास्त आहे, व माझ्या भाच्याच्या दुसऱ्या वाक्याचा उलगडा याच ठिकाणीं होतो. ओल्या शेणाच्या पोवर कांचेचा तुकडा ठेवून त्यावर टांच द्यावी. कांच शेणाहून व टांचेहून कितीतरी कठीण, पण ती फुटते. कारण खालचें शेण दबतें आणि कांचेला दबतां येत नाहीं. मऊ लोखंडावरील कठीण मुलाम्याची हीच गत होते. खडा आपटला कीं खालचें लोखंड तेवढ्यापुरतें खचतें, वरची साल तडकते, आणि मग तिचे कठीण कपचे निसटून जातां जातां उघड्या लोखंडाला स्वतःच ओरबाडतात. म्हणजे मुलामा टिकावयाचा तर खालचें हत्यार मुळांतच उत्तम पोलादाचें, नीट पाणी दिलेलें, आणि काम धक्क्याविरहित असें पाहिजे. नांगरटींत यांतलें कांहींच मिळत नाहीं.

ज्या ठिकाणीं हें सर्व मिळतें, तेथें या मुलाम्यानें खरोखर कमाल केली आहे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ॲल्युमिनियम कापतांना तें हत्याराच्या धारेला चिकटून बसतें व धार बिघडवितें. कार्बनाच्या सालीला तें चिकटत नाहीं, म्हणून त्या कामाच्या हत्यारांचें आयुष्य अनेक पटींनीं वाढतें. तांब्याची व लांकडाची कथाहि अशीच. पोलाद कापण्यास मात्र हा मुलामा फारसा वापरीत नाहींत. धारेवर उष्णता वाढली कीं कार्बनाची बांधणी तीनशें-साडेतीनशें अंशांच्या पुढें ढिली पडून तो ग्राफाइटाकडे वळूं लागतो; शिवाय तापलेलें लोखंड कार्बनाला अक्षरशः गिळतें. ज्या भुकेमुळें लोखंडाचें पोलाद होतें, तीच भूक येथें आड येते. दाढीच्या पात्यांवर ही साल १९९८ सालापासून बाजारांत दिसूं लागली. आणि आपल्यापैकीं ज्यांच्या अंगणांत नव्या धाटणीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाचा ट्रॅक्टर उभा आहे, त्यांच्या घरीं ती न सांगतां येऊन बसली असण्याचा पुष्कळ संभव आहे. कारण अशा इंजिनांच्या इंधन फवारणाऱ्या भागांत, जेथें दोन पोलादी पृष्ठें प्रचंड दाबाखालीं कांहीं मायक्रॉनांच्या फटींत एकमेकांवर घसरतात, तेथें हा मुलामा वापरण्याची वहिवाट आहे. त्या फटींत धुळीचा एक कण गेला तर मुलाम्याचें व फवाऱ्याचें दोहोंचें मातेरें होतें. ट्रॅक्टरचें गाळणें वेळच्या वेळीं न बदलणाऱ्या आणि उघड्या डब्यांतून डिझेल ओतणाऱ्या आमच्या बंधूंनीं हिऱ्याच्या सालीच्या गोष्टी कराव्या, याची मला मौज वाटते.

आतां मातीकडे वळूं. झीज सर्व जमिनींत सारखी नसते, आणि पोलादाच्या चर्चेंत ही गोष्ट शहरी लेखकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. आपल्या देशावरील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली. तींत मोकळी वाळू थोडी, चिकण फार. ती अवजाराला धरून ठेवते, बैलांचा व ट्रॅक्टरचा दम काढते, पण फाळ त्या मानानें सावकाश झिजवते. तोच फाळ नदीकांठच्या वाळूमिश्रित मळईंत किंवा पूर्व विदर्भांतील धानाच्या रेताड जमिनींत नेला तर एका पावसाळ्यांत त्याचें रूप पालटतें. मुरमाड माळावर वाळूहून आपटाआपटीचा त्रास अधिक. तेथें कठीणपणापेक्षां चिवटपणा हवा. सबब "या पात्याचें आयुष्य तिप्पट" असें कोणी सांगूं लागला, तर कोणत्या जमिनींत, हा पहिला प्रश्न त्याला विचारावा. याचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं त्यानें तें पातें शेतांत चालवून पाहिलेलें नाहीं, असें खुशाल समजावें.

मातीनंतर पिकें. ज्वारीचा कडबा, उंसाचें पाचट, भाताचा पेंढा यांच्या अंगांत सिलिका असते. भाताच्या तुसांत तर ती वजनाच्या सहाव्या-पांचव्या हिश्शापर्यंत भरते. पुराणवस्तुसंशोधकांना प्राचीन गारेच्या विळ्यांवर एक विशिष्ट चकाकी आढळते, ती या गवतवर्गीय पिकांच्या कापणीनेंच आलेली. कडबाकुट्टीचें पातें बोथट होतें तें केवळ कडब्याला लागलेल्या मातीनें नव्हे. कडबा स्वतःच बारीक कानसेचें काम करीत असतो.

माझ्या मतें आपण ज्या कार्बनाचा शोध बाहेर करीत आहों, तो आपल्या गांवच्या लोहाराच्या भात्यापाशीं फार दिवसांपासून आहे. पूर्वीं बलुत्याच्या करारांत फाळ व विळे शेवटून देणें हें त्याचें कामच असे. आज किती गांवांत ऐरण वाजते? मऊ लोखंडाची वस्तु लोणारी कोळशाच्या भुकटींत घालून, पेटी मातीनें लिंपून, नऊशें ते साडेनऊशें अंशांच्या लालभडक धगींत सहा-आठ तास ठेवली, तर कार्बन लोखंडाच्या आंत सुमारें मिलिमीटरभर शिरतो. नंतर पाणी दिलें कीं वरची साल कठीण आणि गाभा चिवट राहातो. ही साल चिकटविलेली नसते, ती लोखंडाचाच भाग झालेली असते, म्हणून तिचा पापुद्रा निघत नाहीं. आणि जाडीनें ती त्या काळ्या मुलाम्याच्या पांचशेंपट भरते. ती वाळूहून कठीण नाहीं, हें खरें. ती झिजतेच. पण सावकाश झिजते, आणि झिजली तरी पुन्हां चढवितां येते.

याहून एक पाऊल पुढचा विचार इंग्लंडांत इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समला १८०३ सालीं सुचला. त्यानें ओतीव लोखंडाचा फाळ असा ओतला कीं, त्याची खालची बाजू सांच्यांतील थंड लोखंडाला लागून झटकन निवावी व फार कठीण व्हावी, आणि वरची बाजू सावकाश निवून मऊ राहावी. जमिनींत चालतांना वरची मऊ बाजू आधीं झिजे, खालची कठीण कड पुढें उभी राही, आणि फाळ झिजतां झिजतां स्वतःची धार स्वतःच काढी. ही युक्ति आपल्या सर्वांच्या घरांत दुसऱ्या रूपानें नांदते. उंदराच्या पुढच्या दांतावर कठीण दंतवल्क फक्त पुढच्या बाजूला असतें; मागची बाजू मऊ. म्हणून तो जितकें कुरतडतो तितका दांत तीक्ष्ण होत जातो. आमच्या कणगीचें नुकसान करणाऱ्या या प्राण्याला धातुशास्त्र कोणी शिकविलें, तें परमेश्वर जाणे.

या तत्त्वाचें आजचें व्यवहार्य रूप म्हणजे फाळाच्या अगर पाशीच्या एकाच अंगावर क्रोमियम कार्बाइडच्या वेल्डिंगकांडीनें दोन-तीन मिलिमीटरांचा कठीण थर चढविणें. या थरांतील कार्बाइडाचे कण पंधराशेंच्या आसपास, म्हणजे वाळूहून कठीण, आणि जाडी त्या मुलाम्याच्या हजारपट. यांतहि कार्बनच काम करतो. फक्त तो क्रोमियमच्या सोबतीनें, मिलिमीटरांनीं मोजण्याइतका येतो. दोष नाहींत असें नाहीं. थराला आडव्या बारीक भेगा पडतात. त्या या जातीच्या स्वभावांतच आहेत, त्यांना घाबरण्याचें कारण नाहीं. पण दगडगोट्यांच्या रानांत थराचे टवके उडतात, तेथें क्रोमियमची कांडी न वापरतां चिवट जातीची वापरावी. दोन्ही अंगांवर थर दिल्यास आपोआप धार निघण्याचा लाभ नाहींसा होतो. आणि रोटाव्हेटरच्या पात्यांबाबत विशेष सावधगिरी हवी: तीं बहुधा बोरॉन पोलादाचीं, कारखान्यांत पाणी दिलेलीं असतात, वांकाजवळ किंवा बोल्टाच्या भोंकांजवळ वेल्डिंगची उष्णता पोंचली कीं तेथलें पाणी उतरतें व पातें ऐन कामांत मोडतें. मोडलेला तुकडा कोठें उडेल याचा नेम नसतो.

माझ्या या विवेचनावर एक आक्षेप येईल, व तो मला स्वतःला सर्वांत अधिक टोंचतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं बेळगांवास लोखंडी नांगर बनविला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें आमच्याच पणजोबांनीं तो नाकारला होता. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली आणि तोच नांगर घरोघर गेला. मग आज हिऱ्याच्या सालीला नांवें ठेवणारा मी त्या पणजोबांच्याच पंक्तीला बसत नाहीं काय? मला तसें वाटत नाहीं. पणजोबांनीं नांगर न चालवितां नाकारला. त्यांच्याजवळ झीज मोजण्याचें साधन नव्हतें आणि विचारण्यास माणूस नव्हता. आमच्यापाशीं दोन्ही आहेत, आणि तरीहि आम्ही वेष्टनावरील मजकूर वाचून पैसे मोजतों. नाकारण्यांत त्यांची जी चूक झाली तीच स्वीकारण्यांत आमची होत आहे: दोघांनींहि वस्तु तपासली नाहीं.

तपासून घेतल्यास ही साल शेतकऱ्याच्या एका हत्याराला खरोखर शोभेल असें मला वाटतें, आणि तें म्हणजे बागाइतदाराची छाटणीची कात्री. नाशिक व सांगलीकडे द्राक्षाची छाटणी वर्षांतून दोनदां होते, एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी. दिवसभर हजारों काड्या कापावयाच्या, कापलेल्या काडीचा चीक पात्याला चिकटावयाचा, आणि संध्याकाळपर्यंत मजुराचा पंजा आंखडून जावयाचा. येथें माती नाहीं, दगड नाहीं, धक्का नाहीं. कात्रीचें पोलादहि चांगलें असतें. डाळिंबाच्या बागेंत तर तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीबरोबर जाऊं नये म्हणून ती प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणांत बुडवावी लागते, व तें द्रावण पोलादाला खातें. कार्बनाच्या सालीला तें खात नाहीं. मात्र सालींत सुईच्या अग्राहूनहि बारीक छिद्रें राहिलेलीं असतात, त्यांतून गंज आंत शिरतो. म्हणून काम संपल्यावर कात्री धुऊन, पुसून, तेलाचा हात देणें सुटत नाहीं. तसेंच धार पुन्हां लावतांना ज्या अंगाला घासूं त्या अंगाची साल जाणार. ज्या कात्रीच्या एका अंगाची साल न घासतां दुसऱ्या अंगानेंच धार लावतां येते, तीच घ्यावी. उंदराच्या दांताचा न्याय येथेंहि लागू आहे. विकत घेतांना तीन गोष्टी लेखी मागाव्या: खालचें पोलाद कोणतें व किती काठिण्याचें, साल किती मायक्रॉन, आणि ती कोणत्या रीतीनें चढविली. काळा रंग हा पुरावा नव्हे. रंग काळा असतो, भाजलेलें तेल काळें असतें, भांड्यांवरील न चिकटणारा लेपहि काळा असतो. किल्लीच्या ओरखड्यानें ज्याचा पापुद्रा निघतो तो तत्काळ परत करावा.

राहिला कोयता. ऊंसतोडीच्या हंगामांत बीडसारख्या जिल्ह्यांतून जीं कुटुंबें आपल्याकडे येतात, त्यांत नवराबायकोच्या जोडीला "एक कोयता" असेंच म्हणतात. माणसांचें नांव हत्यारावर पडलें आहे. तें हत्यार त्यांचें स्वतःचें, त्याची कानस त्यांची, धार लावण्यांत जाणारा वेळहि त्यांचाच, कारण मजुरी टनावर. बोथट कोयत्यानें तोड उंच होते, आणि उंसाच्या बुडख्याकडील पेऱ्यांतच साखर सर्वांत अधिक असल्यामुळें जमिनीवर सोडलेलें तें चार बोटें खोड म्हणजे आपलेंच उत्पन्न असतें. शिवाय बुडखा चिरफाळला कीं खोडव्याची फूट विरळ येते, व तें नुकसान आपल्या रानांत पुढच्या वर्षीं दिसतें. म्हणजे धारेचा लाभ पुष्कळसा जमीनमालकाला आणि खर्च सगळा तोडणाऱ्याला. या स्थितींत आपण त्यांच्याजवळ चांगल्या कोयत्याची अपेक्षा कोणत्या तोंडानें करतों? कोयत्याला मी हिऱ्याची साल सुचविणार नाहीं; तो जमिनीला लागून चालतो व दिवसांतून कित्येकदां कानसेखालीं जातो, साल दुपारपर्यंतहि राहाणार नाहीं. त्याला हवें तें नीट पाणी दिलेलें चांगलें पोलाद, आणि फडाच्या बांधावर एक धार लावण्याचें यंत्र. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें भाताकरितां जो दांतेरी "वैभव" विळा प्रसृत केला, त्याला वारंवार धार लावावी लागत नाहीं. त्यांत मुलामा नाहीं, केवळ दांत्यांची योग्य योजना आहे. कापणाऱ्याच्या हाताकडे पाहून केलेल्या सुधारणेचा हा नमुना होय.

या दृष्टीनें आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें मीं एक ठराव लिहून पाठविला आहे. संघाच्या अवजार-भांडारांत एक वेल्डिंगयंत्र व कठीण थराच्या दोन जातींच्या कांड्या ठेवाव्या. परिसरांतील जे दोन-तीन लोहार अजून भाता चालवितात, त्यांपैकीं एकास ते काम शिकवून वेतनावर नेमावें. सभासदांचे फाळ व पाशी चैत्र-वैशाखांतच एकत्र गोळा करून एका अंगावर थर देऊन द्यावे, आणि प्रत्येकाचें वजन हंगामापूर्वीं व हंगामानंतर वहींत टिपावें, म्हणजे कोणत्या शिवारांत किती झीज होते हें आपल्याला दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं. मुलाम्याच्या छाटणी-कात्र्या प्रथम सहाच मागवाव्या, त्या सहा निरनिराळ्या बागांत साध्या कात्र्यांच्या शेजारीं एक हंगाम चालवाव्या, मग पुढचा विचार करावा. आणि ऊंसतोडीच्या टोळ्यांकरितां फडावर संघाच्या खर्चानें धार लावण्याची सोय करावी. या शेवटच्या कलमाला विरोध होईल याची मला कल्पना आहे; एका सभासदानें "उद्यां त्यांच्या भाकरीचेंहि पाहावें काय" असें मला बांधावर ऐकविलें आहे. ठरावाला अद्याप अनुमोदक मिळालेला नाहीं. ज्यांना तो मान्य असेल त्यांनीं सभेच्या आठ दिवस आधीं चिटणिसांकडे आपली सही पोंचती करावी, व येतांना आपला झिजलेला एक फाळ बरोबर आणावा. माझीं तीं काळीं पातीं मी सभेंत टेबलावर ठेवणार आहें.